कानस कुठे लावावी?

सहामाहीचा शेवटचा पेपर तपासून झाला की माझी दिवाळी सुरू होते. त्या दिवशीही गठ्ठ्याला दोरी बांधली, तांबडी पेन्सिल खणात टाकली आणि मोकळ्या मनाने अंगणात आलो. मुलांचा किल्ला रंगात आला होता. माती भिजत पडली होती, गोणपाटे आली होती, शेजारच्या पडक्या भिंतीच्या विटा केव्हाच पळवून आणल्या होत्या. पण बांधकामखात्याचे एका ठिकाणी अडले होते. पायाला काय घ्यावे? विटा डुगडुगत होत्या आणि मातीचा ढीग खचत होता. तेवढ्यात आमच्या थोरल्या चिरंजीवांची नजर पडवीच्या कोपऱ्यातल्या जात्यावर गेली. तिघांनी मिळून त्याची वरची तळी गडगडत अंगणात आणली. एवढ्यावर थांबते तरी ठीक होते; पण महादरवाजासाठी तळीच्या कडेला एक खाच हवी, असे मुख्य इंजिनियरांचे मत पडले. छिन्नी टेकवून त्यांनी हातोडी उचलली, आणि स्वयंपाकघराच्या दारातून माझी आई ओरडली,

“अरे, फोडता कशाला त्याला?”

“आजी, ते आता कुठं वापरतो आपण? पीठ तर गिरणीतून येतं.”

“दळत नाही म्हणून त्याचा धोंडा झाला का रे?”

मुले हसली, मीही हसलो. हे जाते माझ्या आजीचे. माझ्या लग्नातली हळद त्याच्यावर दळली, त्यानंतर मात्र त्याला कुणाचा हात लागलेला नाही. आईच्या धाकाने हातोडी खाली गेली, पण “मग पाया कशाचा?” हा प्रश्न अंगणात तसाच उभा राहिला. दुपारी टपालवाला एक जाड पाकीट देऊन गेला, आणि तोच प्रश्न सातासमुद्रांपलीकडून पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला.

पाकीट माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे होते. तो आता अमेरिकेत मोंटाना राज्यात राहतो. तिथल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो; तिथलाच नागरिक झाला आहे. फोनवर दोन ओळी पाठवून मोकळे होण्याच्या आजच्या काळात तो दर दिवाळीला मला हाताने लिहिलेले पत्र पाठवतो. अक्षर मोत्यासारखे. या अक्षराविषयी मला पुढे काही सांगायचे आहे. यंदाच्या पत्रासोबत तीन छायाचित्रे होती, आणि तिन्ही बंदुकांची!

आमच्या घरात बंदूक हा विषय नवाच. माझी स्वतःची शस्त्रविद्या शाळेत असताना एन.सी.सी.त बावीस बोअरच्या रायफलीने झाडलेल्या पाच गोळ्यांपाशी संपते, आणि त्या पाचांपैकी एकीनेही लक्ष्याच्या कागदाला उपद्रव दिला नव्हता. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यामुळे पत्र मोठ्याने वाचताना, वर्षाला एका एल्कचा, म्हणजे तिकडच्या मोठ्या सांबराचा, परवाना मिळतो आणि त्याचे मांस घराला हिवाळाभर पुरते, ही ओळ मी हळूच गाळली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला आळा बसला. तिकडे ती मोजून-मापून, परवान्याने चालते. मारावे की न मारावे, हा प्रश्न मोठाच आहे. पण पत्रात विचारलेला प्रश्न निराळा होता, आणि जसजसा मी वाचत गेलो तसतसा तो मला माझ्याच अंगणातला वाटू लागला.

“गुरुजी,” त्याने लिहिले होते, “मला एक रायफल स्वतःच्या हातानं घडवायची आहे. तिला मूळ म्हणून या तिघींपैकी कोणती घेऊ? माझा निर्णय होत नाही. हा कारागिरीचा प्रश्न आहे असं मला आधी वाटत होतं. आता तो तुमच्या विषयातला वाटतो.”

माझा विषय मराठी! पण मुलांना मास्तर सर्वज्ञ वाटतो, आणि मास्तर तो गैरसमज दूर करण्याची घाई करीत नाही.

बंदूक घडवायची तर मुळात दुसरी बंदूक कशाला हवी, असे तुम्ही विचाराल. मलाही तसेच वाटले होते. त्याने मोठ्या बारकाईने समजावून दिले आहे. दाराचा अडसर आपण जसा हाताने सारतो आणि खोबणीत अडकवतो, तसा या रायफलीचा बोल्ट असतो. मूठ उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवे आत, खाली दाबली की कुलूप. ज्या पोलादी घरात हा बोल्ट सरकतो त्याला रिसीव्हर म्हणतात. त्याच्या पुढच्या तोंडात नळी आट्यांनी बसते, खालून लाकडी दस्ता येतो, पोटात चाप बसतो. हौशी कारागीर एखादी तयार रायफल घेतो आणि तिची नळी बदलतो, दस्ता अक्रोडाच्या लाकडातून नवा कोरतो, चाप नवा घालतो, वर दुर्बीण चढवतो. अखेर मूळच्या बंदुकीतले काय राहते? बहुधा रिसीव्हर आणि त्याचा बोल्ट, एवढेच.

मग ती जुनी बंदूक राहिली, की नवी झाली? नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला रथाविषयी असाच पेच घातला होता. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? एकेका भागाला राजा ‘नाही’ म्हणत गेला, आणि अखेर ज्यात आपण बसून आलो तो रथ कुठे आहे हे त्याला दाखवता येईना. तत्त्वज्ञ जिथे थांबतो तिथे सरकारी कारकुनाला थांबून चालत नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक-कायद्याने या कोड्याचे रोखठोक उत्तर देऊन ठेवले आहे. रिसीव्हर म्हणजे बंदूक. अनुक्रमांक कोरायचा तो त्याच्यावर. नळी, दस्ता, चाप हे नुसते सुटे भाग. सगळे बदला, नंबराचे पोलाद तेच असेल तर बंदूक तीच.

हे वाचून मी पत्र जरा बाजूला ठेवले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाने आणि वर्गातल्या मुलांनी शिकवले. आत्मा म्हणजे काय यावरची जाड पुस्तके मी चाळली आहेत आणि मिटलीही आहेत. पण माणसात नंबर कुठे कोरलेला असतो, हा प्रश्न इतक्या साध्या रूपात मला कुणी विचारला नव्हता.

आता त्या तीन बंदुका. पहिली १९०९ च्या नमुन्याची, अर्जेंटिनाच्या सैन्यासाठी बर्लिनमध्ये बनलेली माउझर. ओबेर्नडोर्फ गावच्या पाउल माउझरने जो बोल्ट सिद्ध केला आणि जर्मन सैन्याने १८९८ साली स्वीकारला, त्याच घराण्यातली ही. एकाच पोलादातून कोरलेला बोल्ट. पुढच्या टोकाला कुलपाचे दोन दात, आणि ते कदाचित दगा देतील म्हणून मागे राखीव तिसरा. एक लांब पट्टी काडतुसाला पेटीतून वर येतानाच पकडते आणि बाहेर फेकीपर्यंत सोडत नाही. काडतूस आतल्या आत फाटलेच, तर त्याचा वायू चालवणाऱ्याच्या डोळ्यांत न जाता बाजूला निघून जावा म्हणून बोल्टला भोके ठेवलेली. आपल्या हातून चूक होईल हे गृहीत धरून जो वस्तू घडवतो, त्याला मी खरा कारागीर म्हणतो. सव्वाशे वर्षांत याहून फार वेगळे कुणाला सुचलेले नाही. अमेरिकन सैन्याच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत याच कल्पना इतक्या उतरल्या, की त्या सरकारला माउझरला स्वामित्वधन द्यावे लागले.

अशी माउझर मूळ धरून उत्तम बंदुका घडल्या आहेत. आपल्या माहितीचे उदाहरण जिम कॉर्बेटचे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा १९०७ साली त्याने निकाल लावला, म्हणून संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी त्याला जी रायफल भेट दिली ती लंडनच्या रिग्बी कंपनीने माउझरच्या बोल्टभोवतीच घडवलेली होती. काडतूसही माउझरचेच, सात मिलिमीटरचे, रिग्बीने त्याला.२७५ असे इंग्रजी नाव दिले एवढेच. आठ वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत हेच काडतूस भरून बोअर शेतकरी इंग्रज शिपायांवर गोळ्या झाडीत होते. आता तेच कुमाऊँच्या डोंगरांत गवत कापायला जाणाऱ्या बायाबापड्यांच्या रक्षणाला आले. तेव्हा मूळ वस्तू कशासाठी जन्मली यावरून तिचे भवितव्य ठरत नाही, असे माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे, आणि ते मला पटते.

पण त्याच्या समोरची अर्जेंटिनाची माउझर अजून अस्पर्श आहे. तिच्या निरनिराळ्या भागांवरचे नंबर एकमेकांशी जुळतात. डोक्यावर त्या देशाचे राजचिन्ह शाबूत आहे. देशाबाहेर आलेल्या अनेक बंदुकांवरचे ते घासून टाकलेले आढळते. तिला शिकारीची बनवायची तर काय करावे लागेल? बोल्टची मूठ सरळ आडवी आहे, ती दुर्बिणीला अडते. म्हणून कापून, वाकवून पुन्हा सांधायची. आच जपून द्यायची, कारण जुन्या माउझरचे पोलाद आतून मऊ आणि वरून कठीण असते; आच चुकली की ती कठीण कातडी मऊ पडते. मागच्या पुलाचा उंचवटा कानशीने उतरवायचा. दुर्बिणीची बैठक बसवायला वर भोके पाडून आटे काढायचे, तेही राजचिन्हाच्या अंगावर. लष्करी दस्ता तर फेकलाच.

दुसरी बंदूकही माउझरच. पण तिला कुणीतरी फार पूर्वीच हात घातलेला आहे. दस्ता अर्धा कापलेला, भोके वाकडी, नंबर एकमेकांना अनोळखी. तिसरी रेमिंग्टन सातशे. ही १९६२ साली बाजारात आली. हिचा रिसीव्हर गोल पोलादी दांड्यातून लेथवर कातलेला. हिला ना इतिहास, ना राजचिन्ह. पण गोल वस्तू अचूक कातणे सोपे, आणि हिला बसणारे सुटे भाग इतके निघतात, की नवे घडवणारे पुष्कळ जण हिचेच मूळ घेतात. आणि ही डावखुरी आहे. म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी घडवलेली, बोल्टची मूठ डाव्या अंगाला.

“डावखुरी कशासाठी हे तुम्हाला सांगायला नको,” त्याने लिहिले होते. “नेम मी डाव्या खांद्यावरूनच धरतो. माउझर घेतली तर मूठ उजवीकडे. प्रत्येक गोळीनंतर हात वरून पलीकडे न्यावा लागतो, आणि रिकामं काडतूस तोंडासमोरून उडतं. पण त्याचं काही नाही. उजव्या हातानं निभावून न्यायची मला सवय आहे.”

त्या शेवटच्या वाक्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तरी मी ते वाचले आणि पुढची ओळ मला दिसेना.

तो पाचवीत माझ्या वर्गात आला तेव्हा डाव्या हाताने लिहीत असे. माझ्या नोकरीचे ते तिसरे वर्ष. मला सुधारणेचा भारी उत्साह. डाव्या हाताने प्रसाद घेत नाहीत, डाव्या हाताने जेवत नाहीत, मग डाव्या हाताने सरस्वतीची सेवा कशी करावी, असा माझा बिनतोड युक्तिवाद. शिवाय बाके उजव्यांची, ओळीत शेजाऱ्याला कोपर लागायचे. मी आधी समजावले, मग पट्टीने बोटांवर मारले, आणि तेही चालेना तेव्हा त्याचे डावे मनगट रुमालाने बाकाला बांधू लागलो. तीन महिने हे चालले. तो रडला नाही. तीन महिन्यांनी तो उजव्या हाताने लिहू लागला, आणि दोन वर्षांनी तालुक्याच्या हस्ताक्षर-स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले. मुख्याध्यापकांनी भर सभेत माझे अभिनंदन केले. ते हार मी घेतले, वाचकहो, आणि घरी आणून तसबिरीला घातले.

एक गोष्ट मात्र मी त्या सभेत सांगितली नाही, कारण तेव्हा ती मला महत्त्वाची वाटली नव्हती. पाचवीत आला तेव्हा हा मुलगा चित्रे काढीत असे. पाटीवर बैल काढला तर त्याच्या वशिंडावर हात फिरवावासा वाटे. ज्या दिवसापासून मी त्याचा हात बांधला, त्या दिवसापासून ती चित्रे थांबली. ती पुन्हा सुरू झालेली माझ्या पाहण्यात नाही.

त्याच्याच पत्रात पुढे एक हकीकत होती. ती त्याने निराळ्याच कारणासाठी सांगितली होती; मूळ निवडताना बाहेरच्या रूपावर जाऊ नये, हे पटवून देण्यासाठी. स्प्रिंगफील्ड रायफलीच्या पहिल्या लाखो रिसीव्हरांत एक दोष होता. ते घडवताना लोखंड किती तापले हे जुने जाणते कारागीर नजरेने, रंगावरून ठरवीत. वर्षानुवर्षांचा अनुभव, कुणाला शंका घ्यायचे कारण नव्हते. १९१७ च्या सुमारास काही रायफली चालवणाऱ्याच्या हातात फुटल्या. तपास केला तेव्हा कळले, की लखलखीत उन्हाच्या दिवशी तापलेले लोखंड डोळ्यांना कमी लाल दिसते. ढगाळ दिवशी जो रंग पाहून कारागीर थांबे, तोच रंग दिसावा म्हणून उन्हाच्या दिवशी तो आच वाढवीत जाई. पोलाद जळून ठिसूळ होई. १९१८ पासून पद्धत बदलली, नजरेच्या जागी उष्णता मोजणारी यंत्रे आली. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातल्या आठ लाखांच्या आतल्या नंबरांच्या रायफलींना जाणकार आजही वापरायला घेत नाहीत. त्यांतल्या बहुतेक फुटल्या नाहीत. पण फुटेल कोणती, हे वरून पाहून कळत नाही. मेजर जनरल ज्युलियन हॅचर या शस्त्रतज्ज्ञाने आपल्या १९४७ च्या पुस्तकात हे सारे प्रकरण नोंदवून ठेवले आहे.

त्या कारागिरांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. ते आळशी नव्हते, लबाड नव्हते. आपण पाहतो आहोत ते लोखंड, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ते पाहत होते खिडकीतून येणारे ऊन. गेली वीस-बावीस वर्षे मी मुलांना याच नजरेने तावून पाहत आलो आहे. ‘हा मठ्ठ’, ‘हा हट्टी’, ‘याला जरा कडक धरला पाहिजे.’ ज्या दिवशी माझ्या मनात लखलखीत ऊन होते, नव्या नोकरीचा उत्साह, साहेबांची तपासणी, चार लोकांत नाव व्हावे ही हाव, त्या दिवशी मुलांचा लालपणा मला कमी दिसला असेल आणि मी आच वाढवली असेल. कोण ठिसूळ झाला हे मला कसे कळावे? बहुतेक जण फुटले नाहीत. तेवढ्यावर समाधान मानायचे का?

“पण तुझ्या मारण्याने त्याचे भलेच झाले की!” माझे एक शिक्षकमित्र म्हणाले. त्यांना मी हे सारे सांगितले होते. “अक्षर सुंदर झाले. शिवाय दोन्ही हात चालतात म्हणून लेथवर त्याची किंमत असेल.” हे खरे आहे. त्याने स्वतःच एकदा तसे लिहिले होते. आणि येथेच सारी अडचण आहे. अर्जेंटिनाची माउझर कापून जी रायफल होईल ती वाईट होणार नाही. ती देखणी होईल, अचूक होईल, तिला पाहून लोक वाहवा करतील. वाईट झाली असती तर प्रश्न सोपा होता. निर्मिती सुंदर झाली म्हणून कापणे योग्य ठरते का? मला वाटते, नाही. फळ चांगले निघाले ही त्या मुलाची करामत. रुमाल बांधला ही माझी करणी. एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यावर लिहून हिशेब मिटत नाही. त्याच्या अक्षराचे बक्षीस मी घेतले. पाटीवरच्या बैलाची किंमत कुणी भरली?

मग काय, कशालाच हात लावू नये? शिक्षण म्हणजे तरी वस्तू आहे तशी न ठेवणेच की. रिग्बीने माउझरला हात लावला नसता तर कॉर्बेटच्या हाती ती बंदूक आली नसती. मूल जसे आले तसे ठेवले तर ते वाचायलाही शिकणार नाही. कानस वाईट नाही. कानशीशिवाय काही घडत नाही. प्रश्न एवढाच, की ती कुठे लावावी आणि कुठे लावू नये.

याचे उत्तर मला त्या बंदुकांच्या गोष्टीतच सापडले. मूळ निवडणे म्हणजे आपण काय बदलणार नाही हे आधी ठरवणे. नळी पुढेमागे पुन्हा बदलता येते. दस्ता पुन्हा कोरता येतो. पण बोल्टची मूठ कोणत्या अंगाला असावी हे रिसीव्हर घडतानाच ठरून गेलेले असते. कितीही हुशार कारागीर असला तरी उजव्या माउझरची डावी करीत बसत नाही. तो डावी शोधतो. घडवणाऱ्याचा अधिकार मोठा आहे, पण जे ठरून आले आहे ते मान्य केल्यानंतर तो सुरू होतो. मी उलटे केले. लिहायला शिकवणे हे नळीचे काम होते, ते मला करायचेच होते. मी कानस लावली ती नंबरावर.

आणि मास्तराची एक अडचण बंदूक घडवणाऱ्याला नसते. त्याच्यासमोर तीन छायाचित्रे असतात. हवे ते मूळ घ्यावे. जूनमध्ये वर्गात येणारी साठ मुले मी निवडलेली नसतात. म्हणूनच मी निवडणे सोडून ओळखायला शिकले पाहिजे होते. कादंबरीत मी पात्राला मनाविरुद्ध वळवले तर फार तर टीकाकार रागावतात आणि मी दुसरी आवृत्ती सुधारतो. पाचवीच्या मुलाची दुसरी आवृत्ती निघत नाही.

आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्यपदक मिळवले तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. त्या स्पर्धेतल्या रायफलीचे चित्र पाहा. गालाची टेकण वरखाली होते, खांद्याचा भाग लांब-आखूड होतो. नेमबाजाच्या मानेला, खांद्याला, हाताला बंदूक बेतून घेतात. मान बंदुकीला बेतावी असे कुणाच्या मनातही येत नाही. निर्जीव लोखंडाच्या बाबतीत आपण इतके शहाणे आहोत!

रात्री मी उत्तर लिहायला बसलो. काय लिहायचे ते ठरले होते. अर्जेंटिनाची आहे तशी राहू दे. घ्यायची तर पुसून-पासून भिंतीवर ठेव, तिला तुझी गरज नाही. माउझरचाच मोह सुटत नसेल तर ती दुसरी, आधीच कापलेली, पुढे केव्हातरी घे. दुसऱ्याने बिघडवलेले सावरण्यात पुण्य आहे. पण या वेळी स्वतःसाठी ती डावखुरी घे. तिला इतिहास नाही म्हणतोस, तो तुझ्यापासून सुरू होईल. आणि तुला निभावून न्यायची सवय मी लावली, ती या एका बाबतीत तरी मोड.

एवढे सारे मनाशी जुळवले आणि वाटले, हे उजव्या हाताने लिहायचा आपल्याला अधिकार नाही. मी पेन डाव्या हातात धरले. ‘चि.’ हे एक अक्षर काढायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. वेलांटी उलटीच वळू लागली. कागद सरकत होता, तो धरायला उजवा हात धावत होता. त्याला मी मांडीखाली दाबून ठेवले. चौथ्या ओळीला मनगट दुखू लागले. तीन महिने म्हणजे किती, हे मला त्या चार ओळींत थोडेसे कळले. पट्टी घेऊन कुणी समोर उभे नव्हते, तरीही.

तेवढ्यात धाकटी उठून पाणी प्यायला आली. कागदाकडे पाहून म्हणाली, “बाबा, हे कुठल्या मुलाचं अक्षर? याला किती मार्क देणार?”

“पास करीन म्हणतो,” मी म्हणालो.

पत्र तसेच पाकिटात घातले. खाली उजव्या हाताने फक्त पत्ता लिहिला. पोहोचायला तर हवे.

सकाळी अंगणात पाहिले तो किल्ला उभा होता. जात्याची तळी पडवीत आपल्या जागी परत गेली होती, आणि आईने तिच्यावर हळदकुंकवाची बोटे ओढली होती. पायाला मुलांनी काय घेतले म्हणून वाकून पाहिले, तर पडक्या भिंतीच्या त्याच डुगडुगणाऱ्या विटा. फक्त कुणीतरी रात्री बसून त्यांच्या फटींत बारीक खडे दाबून बसवले होते.